संक्रांतीनंतरची धाव

सोसायटीचा इतिहास म्हटला की भूखंड, नोंदणी, पाण्याची टाकी आणि गळकी गच्ची हे विषय ठरलेले. ते या स्मरणिकेत इतरांनी लिहिले असतीलच. मी सभासदांच्या पायांचा इतिहास लिहितो. आपल्यातली काही मंडळी वर्षानुवर्षे पहाटे धावत आली आहेत, आणि त्यांची हजेरी मी एका वहीत मांडत आलो आहे. बँकेतली सवय, निवृत्तीनंतरही सुटत नाही.

या वहीत दरवर्षी एकच चित्र दिसतं. दिवाळीनंतर गर्दी, नाताळात आणखी भर, आणि संक्रांत झाली की गळती. होळीपर्यंत आम्ही तीन-चार म्हातारे उरतो. पावसाळ्यातसुद्धा एवढी गळती होत नाही. लोक म्हणतात, आळस. मला ते पटत नाही. आळस असता तर तो बारा महिने दिसला असता. हा दोष हवामानाचा आहे, आणि तो समजून घेतला तर त्यावर उपायही आहे.

पहिली गोष्ट उजेडाची. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते खरंच आहे, पण वाढ आधी संध्याकाळच्या बाजूला जमा होते. आपल्या भागात वर्षातला सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यानंतर, सव्वासातच्या सुमारास असतो. फेब्रुवारीच्या मध्यालाही सात वाजून जातात. सूर्य पावणेसातला उगवायला मार्चचा मध्य उजाडतो. म्हणजे संक्रांतीनंतर महिनाभर, उठणाऱ्याला खिडकीबाहेर काळोखच दिसतो. मग पांघरूण कोण सोडणार?

दुसरी गोष्ट उन्हाची. मुरबाडच्या शाखेत होतो तेव्हा पौष पौर्णिमेला म्हसाच्या यात्रेला जायचो. बैलांचा बाजार आणि घोंगड्या यांसाठी ती प्रसिद्ध. लोक अशा घोंगड्या घेत की जणू थंडी आता मुक्कामालाच आली आहे. महिनाभरात त्याच घोंगड्या घडी करून माळ्यावर जात. फेब्रुवारीत जमिनीवरून येणारे कोरडे पूर्वेचे वारे जोर धरतात आणि पारा एकदम चढतो. २५ फेब्रुवारी १९६६ रोजी सांताक्रूझला ३९.६ अंशांची नोंद झाली होती. ती समुद्राकाठी, आपण तर आत डोंगराकडे. पहाटे स्वेटर आणि नऊ वाजता घामाच्या धारा, असा हा ऋतू. त्यात वीटभट्ट्या चालू असतात, शेतात राब भाजायला सुरुवात होते, आणि थंड हवेत तो धूर जमिनीलगत बसून राहतो. धावायला योग्य असा वेळ उरतो तो जेमतेम तासाभराचा, आणि तोही काळोखातच सुरू होतो.

मोठ्या स्पर्धांचं कॅलेंडरही हेच सांगतं. मुंबई मॅरेथॉन पहिल्यांदा झाली ती १५ फेब्रुवारी २००४ रोजी. पुढच्याच वर्षी ती १६ जानेवारीला आली, आणि तेव्हापासून ती जानेवारीतच असते. या दोन तारखांमधल्या उन्हात काय फरक असतो, ते लोकलने रोज कामाला जाणाऱ्या कोणालाही विचारावं.

धावणं हा आपल्याकडे शहरी शौक म्हणून आलेला नाही. आपल्या तालुक्यातून जाणारी वाट थळ घाटातून देशावर चढते. आगगाडीच्या आधी अशा वाटांवरून टपाल हरकाऱ्यांच्या पायांवर चालत असे. रेल्वे वाशिंदला १८५५ मध्ये आली, कसाऱ्याला १८६१ मध्ये, आणि घाट चढून इगतपुरीला पोचली १८६५ मध्ये. हरकाऱ्याला थंडी-ऊन बघून सुट्टी नव्हती. त्याचं धावणं टिकलं ते त्याच्या निश्चयापेक्षा व्यवस्थेमुळे: ठरलेली वेळ, ठरलेला टप्पा, आणि पुढच्या टप्प्यावर वाट बघणारा माणूस.

पुढे धावण्याचा खेळ झाला, तेव्हाही पहिले पाय कष्टकऱ्यांचेच होते. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत सर दोराबजी टाटांनी अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं पाहिली आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला हिंदुस्थानचा संघ पाठवण्याचं मनावर घेतलं. त्या संघातले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. वेळ होती २ तास ५० मिनिटं. घाटापलीकडे, नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. सावरपाड्यासारखे पाडे आपल्या शहापूर-मुरबाडमध्ये जागोजागी आहेत.

आणि त्या पाड्यांतली मुलं-मुली आजही धावतात. त्यांच्यापुढे पदक नाही, पोलीस भरती आहे. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. काही सेकंदांवर गुण जातात, आणि त्या गुणांवर घरातली पहिली पगाराची नोकरी अवलंबून असते. भरतीची तारीख त्यांच्या हातात नसते. २०२३ मध्ये मैदानी चाचणी जानेवारीत सुरू झाली, २०२४ मध्ये जूनमध्ये. जून २०१४ मध्ये मुंबईत भरतीच्या ५ किलोमीटर धावण्यात काही उमेदवार दगावले, आणि त्यानंतर अंतर कमी करण्यात आलं. तेव्हा हवामानाशी जुळवून घेत बारा महिने सराव ठेवणं ही त्यांच्यासाठी हौस नाही, जिवाची गोष्ट आहे.

आपल्या कंपाउंडच्या आतल्या रस्त्यावर पहाटे तीन-चार मुली धावायला येतात, हे बऱ्याच सभासदांना ठाऊक नसेल. बाहेर हायवेला ट्रक आणि काळोख. त्या आल्यापासून एक गंमत झाली. आम्हा म्हाताऱ्यांची संक्रांतीनंतरची गळती कमी झाली. “काका, काल का नाही आलात?” असं कोणी विचारणारं असलं की गजर बंद करून पुन्हा झोपता येत नाही. हरकाऱ्याचा पुढच्या टप्प्यावरचा माणूस तो हाच.

आता मुद्द्याची गोष्ट. वीजबिल वाचवायला कंपाउंडचे दिवे पहाटे पाचला बंद करावेत, अशी सूचना पुढे आली आहे. हिशेब बरोबर आहे; आयुष्यभर हिशेबच केले, तेव्हा त्यावर वाद घालत नाही. फक्त एवढीच विनंती, की जानेवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत आतल्या रस्त्याचे दिवे सातपर्यंत राहू द्यावेत आणि छोटं गेट साडेपाचला उघडावं. जादा बिल आम्ही सकाळची मंडळी वर्गणी काढून भरू.

आणि ज्यांची नावं वहीतून गळली आहेत त्यांना सांगणं एवढंच: आधी दहा मिनिटं चाला, अंग तापलं की स्वेटर कठड्यावर ठेवा, निघताना पेलाभर पाणी प्या, आणि साडेसातच्या आत घरी या. ज्यांना धावणं जमत नाही त्यांनी चालायला यावं. वहीत रकाना एकच आहे, आलेल्यांचा.