नरक (ख्रिस्ती धर्म)
नरक ही ख्रिस्ती श्रद्धेनुसार पश्चात्ताप न करता मरणाऱ्या पाप्यांची अंतिम अवस्था होय. मराठी बायबलमध्ये 'गेहेन्ना' (मूळ अर्थ जेरुसलेमजवळील हिन्नोमचे खोरे) यासाठी 'नरक', तर मृतांच्या वसतिस्थानासाठी 'अधोलोक' हा शब्द योजला आहे. कोकणी कॅथलिकांत 'यमकोंड' हा शब्द रूढ आहे. पुराणांतील नरकवास पापाचे फळ भोगून संपतो व जीव पुन्हा जन्म घेतो. पारंपरिक ख्रिस्ती मतानुसार मात्र नरक शाश्वत असून परमेश्वरापासूनचा कायमचा वियोग ही त्यातील मुख्य शिक्षा आहे. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथ दुष्टांचा अखेरीस समूळ नाश होतो असे मानतो. तिसऱ्या शतकातील ओरिजेन याने सर्वांच्या अंतिम उद्धाराचा विचार मांडला. पुढे चर्चने तो अमान्य केला.