ढगांतील वाट आणि उंचीचा नियम

विमानविद्येचा इतिहास म्हटला म्हणजे वेगाचे आणि अंतराचे विक्रम आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु प्रवाशांचे प्राण राखणारे नियम कसे घडले, हा इतिहास क्वचितच सांगितला जातो. त्यांतील एक प्रकरण आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

ढगांत शिरलेल्या वैमानिकास जमीन दिसत नाही. २४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकेत जेम्स डूलिटल याने झाकलेल्या कक्षात बसून, केवळ उपकरणांच्या आधारे विमान उडविले व उतरविले, तेव्हा ही विद्या साध्य असल्याचे दिसून आले. परंतु उंचीमापक हवेच्या दाबावरून समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो. खाली मैदान आहे की डोंगर, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून मार्गांना किमान उंची ठरवून देण्यात आली. जेथे ती ठरविलेली नाही तेथे अमेरिकेचा नियम असा, की आसपासच्या सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा १००० फूट, आणि डोंगराळ मुलखात २००० फूट वर राहावे.

नियम होते, तरीही १ डिसेंबर १९७४ रोजी अनर्थ घडला. ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे बोइंग ७२७ विमान वॉशिंग्टनला निघाले होते. तेथील नॅशनल विमानतळावर वारा फार, म्हणून ते डलेसकडे वळविण्यात आले. विमानतळ ४४ सागरी मैल दूर असतानाच नियंत्रकाने उतरण्याच्या मार्गास लागण्याची परवानगी दिली. उंचीचे बंधन मात्र घातले नाही. वैमानिक १८०० फुटांपर्यंत खाली येऊ लागले. राउंड हिल या ठिकाणापर्यंत नकाशात ३४०० फूट हा आकडा होता आणि तो त्यांना दिसलाही होता. पण परवानगी मिळाली त्या अर्थी वाट निर्धोक असली पाहिजे, असा त्यांनी तर्क केला. उंची सांभाळणे हे वैमानिकाचे काम, अशी नियंत्रकाची समजूत. वाटेत माउंट वेदरचा डोंगर होता. विमान त्यावर आदळले आणि त्यातील ९२ जण, एकूण एक, प्राणास मुकले.

चौकशी मंडळाच्या पाच सदस्यांतही एकमत झाले नाही. तिघांनी वैमानिकांचा निर्णय कारण ठरविला, परंतु कार्यपद्धतीतील संदिग्धतेमुळे तो घडला असे नमूद केले. उरलेल्या दोघांनी नियंत्रकाच्या मौनास अधिक महत्त्व दिले.

मनाला लागते ती गोष्ट निराळीच. सहा आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीचे विमान याच ठिकाणी, याच गैरसमजाने, डोंगरावर आदळता आदळता वाचले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. इतरांच्या कानी ते गेलेच नाही.

पुढे नियम स्पष्ट झाला : ठरलेल्या मार्गाच्या टप्प्यावर येईपर्यंत शेवटी नेमून दिलेली उंची सोडावयाची नाही. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्र मोठ्या प्रवासी विमानांत सक्तीचे झाले. आणि १९७६ साली, वैमानिकाने आपली चूक निर्भयपणे कळवावी आणि ती सर्वांपर्यंत पोहोचावी, अशी व्यवस्था नासा या संस्थेकडे सोपविण्यात आली. या तिसऱ्या सुधारणेचे मोल मला सर्वांत अधिक वाटते. कारण ठेच एकाला लागली तरी शहाणपण सर्वांना यावे, याची सोय तिने केली.