आज्ञावलीतील प्रतिज्ञा आणि तिचे मोल : ‘असर्ट’ मॅक्रोच्या घडणीचा इतिहास

गणकयंत्राच्या आज्ञावलीत अमुक टप्प्यावर अमुक स्थिती असलीच पाहिजे असे लिहून ठेवावयाचे, आणि ती नसल्यास काम तेथेच थांबवावयाचे, या प्रथेस ‘असर्शन’ म्हणतात. तर्कशास्त्रात सिद्ध करावयाच्या विधानास ‘प्रतिज्ञा’ ही संज्ञा आहे; तीच येथे योजणे सोयीचे होईल. प्रतिज्ञेच्या तात्त्विक बाजूचा ऊहापोह पुष्कळ झाला आहे. परंतु ती आज्ञावलीत टिकावी की गळावी, हा प्रश्न व्यवहारात वारंवार तिच्या खर्चाशी येऊन ठेपला.

या कल्पनेचा उगम कागदावरचा आहे. १९४७ मध्ये गोल्डस्टाइन व फॉन नॉयमन यांनी आपल्या प्रवाह-आकृत्यांत प्रतिज्ञांसाठी निराळ्या चौकटी राखल्या. यंत्राने त्या चौकटींत काहीच करावयाचे नव्हते. त्या वाचणाऱ्यासाठी होत्या. २४ जून १९४९ रोजी केंब्रिज येथील परिषदेत अॅलन ट्युरिंग यांनी हाच विचार पुढे नेला. लांबलचक बेरीज तपासताना प्रत्येक स्तंभाचे हातचे लिहिलेले असतील तर स्तंभ सुटे सुटे तपासता येतात. तद्वत् आज्ञावलीकाराने ठिकठिकाणी निश्चित विधाने करून ठेवावीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा निबंध दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला व १९८४ मध्ये पुनर्मुद्रित झाला. दरम्यान फ्लॉइड (१९६७) व होअर (१९६९) यांनी प्रतिज्ञेस गणिती सिद्धतेचे अधिष्ठान दिले होते.

सिद्धता देणे कष्टाचे. तपासणी त्या मानाने सोपी. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत सी भाषेसाठी ‘असर्ट’ हा मॅक्रो आढळतो, तो या सोप्या मार्गाचा होय. मॅक्रो म्हणजे कंपायलरने अर्थ लावण्यापूर्वी मजकुराच्या जागी मजकूर घालणारी योजना. या पहिल्या मॅक्रोची घडण मात्र ओबडधोबड होती. ‘अट खोटी असेल तर संदेश छापा व बाहेर पडा’ हा सगळा मजकूर महिरपी कंसांत घालून प्रत्येक वापराच्या जागी उतरत असे. यातून दोन दोष उद्भवले. पहिला असा की, मॅक्रोनंतर अर्धविराम देताच एक रिकामे विधान जास्तीचे निर्माण होई, आणि ‘जर–नाहीतर’ या रचनेतील ‘नाहीतर’ निराधार होऊन कंपायलर ती आज्ञावली नाकारी. दुसरा असा की, संदेश छापण्याच्या यंत्राज्ञा शंभर ठिकाणी शंभर वेळा साठविल्या जात. शिवाय संदेशात फाईलचे नाव व ओळ येई. मोडलेली अट कोणती, ते कळत नसे.

१९८९ च्या अमेरिकन मानकाने हे दोष दूर केले. मॅक्रो हे विधान न राहता मूल्यरहित पदावली झाले, आणि अटीचा मजकूरच अक्षरमालेत रूपांतरित करण्याची सोय भाषेत आली. अट खोटी ठरल्यास एका सामाईक फलनास हाक मारावयाची, एवढेच काम वापराच्या जागी उरले. प्लॉगर यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात फाईल, ओळ व अट ही तिन्ही कंपायलरकडूनच एका अक्षरमालेत जोडून घेतली. त्यामुळे हाकेबरोबर एकच मूल्य पाठवावे लागे. अट खरी असताना आता एक तुलना व एक सशर्त उडी, एवढाच खर्च राहिला. पुढे ‘हे फलन परतत नाही’ आणि ‘ही शाखा क्वचितच घडते’ अशा सूचना कंपायलरला देता येऊ लागल्या. तेव्हा अपयशाच्या यंत्राज्ञा मुख्य मार्गापासून दूर ठेवणे त्यास शक्य झाले.

उरलेला खर्चही नको असणाऱ्यांसाठी ‘एनडीबग’ हे नाव सातव्या आवृत्तीपासूनच होते. ते व्याख्यात केले की प्रतिज्ञा नाहीशी होते. येथे एक सापळा आहे. अटीतच एखादे मूल्य वाढविण्याचे वा पुढील अक्षर वाचण्याचे काम लिहिले असेल, तर प्रतिज्ञेबरोबर तेही लोपते. चाचणीत बिनचूक चाललेली आज्ञावली मग प्रत्यक्ष उपयोगात बिघडते. म्हणून अटीने केवळ पाहावे, काही बदलू नये, हा नियम रूढ झाला.

मूळ आक्षेप याहून खोल आहे. जमिनीवर सराव करताना प्राणरक्षक जाकीट घालून समुद्रावर निघताना ते उतरवून ठेवणाऱ्या नावाड्याचा दृष्टांत होअर यांनी १९७३ मध्ये दिला, तो याच प्रथेस उद्देशून. २०११ च्या मानकाने कंपायलरच्या वेळीच तपासली जाणारी स्थिर प्रतिज्ञा आणली. तिला धावतेवेळी काहीच खर्च नाही; परंतु ती स्थिर मूल्यांपुरतीच चालते, बाहेरून येणाऱ्या माहितीविषयी ती मूक असते.

सारांश, या मॅक्रोच्या इतिहासात खर्च टप्प्याटप्प्याने हलविला गेला: वापराच्या जागेवरून सामाईक फलनाकडे, आणि धावण्याच्या वेळेवरून कंपायलरच्या वेळेकडे. ही काटकसर वरवर क्षुल्लक भासली तरी तिचे फलित मोठे आहे. प्रतिज्ञा जितकी स्वस्त झाली, तितके ती काढून टाकण्याचे समर्थन दुबळे होत गेले.