तळ्यावरच्या हिरव्या थराचे नाव काय?

उन्हाळ्यात गावतळे आटत आले की पाण्यावर हिरवा तवंग धरतो. आपण त्याला सरसकट शेवाळ म्हणतो आणि गुरे पाण्यावर सोडतो. बहुधा काही बिघडत नाही. पण १८७८ साली ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवरावर असाच दाट थर आला, आणि ते पाणी प्यालेली मेंढरे, घोडी, कुत्री पटापट मेली. जॉर्ज फ्रान्सिस यांनी ती हकीकत 'नेचर' नियतकालिकाला कळवली. त्या शेवाळाचे नाव नोड्युलारिया. आता शास्त्रज्ञ त्याला जीवाणूंत गणतात, ही गोष्ट निराळी. नुसत्या डोळ्याला मात्र विषारी थर कोणता आणि निरुपद्रवी कोणता, हे कळत नाही.

मग ओळखायचे कसे? सूक्ष्मदर्शक हवाच, पण तेवढ्याने भागत नाही. समोर दिसते ते पूर्वी कोणी पाहिले होते काय, त्याला काय नाव दिले, हेही कळायला हवे. बर्लिनचे एरेनबर्ग यांच्याकडे त्यासाठी देशोदेशींहून नमुने येत. अटलांटिक महासागरावर जहाजांवर पडलेल्या धुळीच्या पाच पुड्या डार्विनसाहेबांनी त्यांना पाठवल्या. त्या चिमूटभर धुळीत एरेनबर्ग यांनी ६७ सजीव रूपे ओळखली, आणि त्यांतली बहुतेक सूक्ष्म रूपे गोड्या पाण्यातली निघाली! केवढी ही नजर! पण हाच माणूस करंडक वनस्पतींना, म्हणजे डायटमांना, प्राणी समजत होता. एकाच माणसावर विसंबले की त्याच्या ज्ञानाबरोबर त्याच्या चुकाही पदरात येतात.

या करंडक वनस्पतींचे कवच काचेसारखे, डबी-झाकणासारखे असते. त्यावरच्या बारीक रेघांवरून जात ठरते. ते शब्दांत कितीसे सांगणार? म्हणून स्वीडनचे क्लेव्ह आणि जर्मनीचे म्यॉलर यांनी १८७७ ते १८८२ या काळात ३२४ काचपट्ट्यांचे संच तयार करून अभ्यासकांना पुरवले. दूरदूरच्या गावी बसलेली माणसे तोच नमुना पाहून नावाचा वाद घालू लागली.

तरी नावांचा गोंधळ उरलाच. एकाच जातीला चौघांनी चार नावे दिलेली. १९९६ साली आयर्लंडमधल्या गॉलवे येथे मायकेल गायरी यांनी संगणकावर समुद्रशैवालांची नोंद सुरू केली. तिचेच पुढे 'अल्गीबेस' झाले. आज तीत दीड लाखाहून अधिक नावे आहेत आणि जुने नाव घातले की चालू नाव मिळते.

आपल्याकडचे सांगायचे तर एच. पी. गांधी यांनी राधानगरी-कोल्हापूरच्या गोड्या पाण्यातले डायटम १९५७ साली सिलोनच्या शास्त्रपत्रिकेत नोंदवले. त्यांनी लिहिलेले नाव आज चालते की बदलले, हे कोणाही शिक्षकाला त्या यादीत पाहता येईल. नमुन्यासाठी ओढ्यातल्या बुडत्या दगडावरचा तपकिरी, बुळबुळीत थर खरवडून घ्यावा. दात घासायचा जुना ब्रश त्याला पुरतो.