कडेवरची घागर आणि बिनगोळीची रायफल



गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "माझी पोर नेमबाजी शिकायची म्हणते. पण तो श्रीमंतांचा खेळ. आपल्याला कसा झेपायचा?" आम्ही सगळ्या गप्प झालो. कारण प्रश्न खरा होता. स्पर्धेची रायफल महाग, अंगावरचं जाड जाकीट महाग, आणि गोळी तर एकदा उडाली की संपली. पण गप्प बसून पोरीला काय उत्तर देणार? म्हणून आम्ही जुन्या गोष्टी शोधल्या. त्याच आज सांगतो.

कमी पैशात नेम शिकायची धडपड शंभर वर्षांहून जुनी आहे. १८९९ साली दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांचं बोअर लोकांशी युद्ध सुरू झालं. बोअर म्हणजे शेतकरीच, पण नेमाला पक्के. इंग्रजांच्या लक्षात आलं की आपल्या साध्या माणसाला बंदूक धरताही येत नाही. मोठ्या बंदुकीला लांबच लांब मैदान लागायचं, गोळी महाग पडायची, कारखान्यातल्या कामगाराला ते कुठून परवडणार? मग १९०१ मध्ये कामगारांच्या रायफल क्लबांची संस्था निघाली. बारीक गोळीची रायफल, थोडकं अंतर, आणि लक्ष्यही त्याच मापात लहान. एखाद्या सभागृहातही सराव होऊ लागला. हेतू लढाईचा होता, हे आम्ही लपवत नाही. पण त्यातून एक युक्ती सगळ्या जगाला मिळाली. अंतर निम्मं केलं आणि लक्ष्यही निम्मं केलं, तर नेमाची परीक्षा तेवढीच राहते.

बायकांची वाट मात्र उशिरा उघडली. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत बायकांची वेगळी स्पर्धा नव्हती. अमेरिकेच्या मार्गारेट मर्डॉक पुरुषांबरोबरच रायफल स्पर्धेत उतरल्या. पहिल्या आलेल्या लॅनी बॅशम यांचे आणि त्यांचे गुण सारखे भरले, तरी नियमाप्रमाणे मार्गारेटना रौप्य मिळालं. तेव्हा बॅशम यांनी त्यांना हात देऊन आपल्या शेजारी वरच्या पायरीवर घेतलं. पुढे १९८४ पासून बायकांसाठी वेगळ्या स्पर्धा आल्या आणि त्यांत १० मीटर एअर रायफल आली. ही हवेच्या दाबावर चालते. छर्रा बारीक आणि स्वस्त, जागाही लांबट खोलीएवढी पुरते. आपल्या मुलींसाठी हेच दार सोपं ठरलं. मुंबईच्या अंजली भागवत एनसीसीतून या खेळात आल्या आणि २००० साली सिडनी ऑलिम्पिकमध्ये एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचल्या. एनसीसीत रायफलही सरकारची आणि गोळीही सरकारची, हे ध्यानात ठेवा.

आता खेड्यातली गोष्ट. उत्तर प्रदेशात बागपत जिल्ह्यात जोहरी नावाचं गाव आहे. १९९९ मध्ये चंद्रो तोमर या आजी नातीला सोबत म्हणून तिथल्या नेमबाजीच्या क्लबात गेल्या. वय साठीच्या पुढे, डोक्यावर पदर. नातीला मदत करता करता त्यांनी स्वतःच पिस्तूल उचललं आणि नेम बरोबर लागला. पण घरचे काय म्हणतील? म्हणून त्या रात्री सगळे झोपल्यावर पाण्याने भरलेला जग हात लांब करून धरून उभ्या राहायच्या. हात थरथरायचा थांबेपर्यंत. त्याला ना गोळी लागत होती, ना पैसा. पुढे त्यांच्या जाऊबाई प्रकाशी तोमरही आल्या, आणि दोघींनी कितीतरी पदकं जिंकली. २०२१ मध्ये करोनाने चंद्रो आजी गेल्या. त्यांच्या आठवणीत तो जग अजून आमच्या डोळ्यांपुढे आहे.

आपल्याकडे कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर रायफलमध्ये विश्वविजेत्या झाल्या. रायफलमध्ये असा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. आणि २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ जिंकणारे स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे. तेव्हा वडील शिक्षक होते, आई गावच्या सरपंच होत्या.

आता घरच्या सरावाचं बोलू. नेम म्हणजे निम्म्याहून जास्त उभं राहणं. उभ्याने रायफल धरताना कंबर थोडी पुढे काढतात आणि डावं कोपर तिथे टेकवतात. भार हाडांवर घ्यायचा, दंडावर नाही. कडेवर घागर घेऊन चालणाऱ्या बाईला हे कुणी शिकवायला नको. स्पर्धेची एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते, म्हणजे भरल्या घागरीपेक्षा हलकीच.

एअर रायफलच्या लक्ष्याचा काळा गोल साधारण ३ सेंटिमीटरचा असतो. घरात ५ मीटरवरून सराव करायचा, तर त्याच्या निम्मा, दीड सेंटिमीटरचा गोल हवा. म्हणजे भिंतीवर एक मोठी काळी टिकली लावली की झालं. खरा दहा गुणांचा ठिपका तर फक्त अर्ध्या मिलिमीटरचा, खसखशीच्या दाण्याहून बारीक. रिकामी रायफल धरून, श्वास थोडा सोडून, घोडा हळूच मागे घ्यायचा. नळीवर नाणं ठेवावं. ते पडलं नाही, तर हात स्थिर. मोठे खेळाडूही असा बिनगोळीचा सराव करतात. रोज वीस मिनिटं पुरे, आणि वहीत नोंद ठेवावी.

पण सांभाळून. रायफल रिकामी आहे हे दोनदा पाहायचं, छर्रे दुसऱ्या खोलीत ठेवायचे, नळी माणसाकडे कधीच वळवायची नाही. स्प्रिंगची एअर रायफल छर्ऱ्याशिवाय चालवली तर बिघडते, म्हणून आधी प्रशिक्षकांना विचारायचं. परवान्याचे नियमही क्लबातच समजून घ्यायचे. रायफल नसेल तर नुसतं उभं राहणं आणि जग धरणंही चालतं.

राहिला खर्च. एकटीला रायफल झेपत नाही, पण शिलाई मशीन तरी कुठे एकटीला झेपलं होतं? आपण गटातून घेतलंच ना? चार गावच्या गटांनी मिळून शाळेसाठी एक रायफल घेतली, तर चार-पाच पोरी आळीपाळीने शिकतील. गोळीचे पैसे आपण उभे करू. पण रोजची ती वीस मिनिटं पोरीला कोण देणार? तिच्या हातातली भांडी आणि झाडू तेवढा वेळ कोण घेणार?

त्या ताईंना आमचं उत्तर एवढंच आहे. आज संध्याकाळी भिंतीवर टिकली लावा. भांडी आज घरातल्या दुसऱ्या कुणालातरी घासू द्या.