मोडीतला रोखा

आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत मोडीतला एक कागद होता. खाली आजोबांचा अंगठा. अब्बा तो कुणाला दाखवत नसत. कर्जरोखा आहे, उद्या कुणी मागायला आलं तर काय, ही धास्ती. ते गेल्यावर मी तो एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांकडे नेला. रोखा खराच होता. पण पाठीमागे रक्कम पुरी पोचल्याची नोंद होती. अब्बा जन्मभर फिटलेल्या कर्जाला भ्याले.

पैशाचा व्यवहार घरातल्यांना, मुलांना पुस्तकातून शिकवावा, ही कल्पना हल्ली नवी म्हणून सांगतात. मराठीत ती दीडशे वर्षांहून जुनी आहे. लोकहितवादींनी १८४९ साली ‘लक्ष्मीज्ञान’ लिहिलं. संपत्ती कशी निर्माण होते हे मराठीत सांगणाऱ्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक. पण ज्याच्या घरातून लक्ष्मी निघून चालली होती, त्या कुणब्याला अक्षरओळखच नव्हती.

पुढे १८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, इकडे सारा वाढला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं लुटली, हाती लागलेली दप्तरं जाळली. हे लोण नगर जिल्ह्यातही गेलं. शाळेत आपण याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणून शिकलो. दंगे हा शब्द मला पटत नाही. बऱ्याच गावी रोखे हवाली केले की जमाव निवळत असे. राग कागदावर होता. स्वतःच अंगठा दिलेल्या, पण वाचता न येणाऱ्या कागदावर.

सरकारने १८७९ मध्ये कायदा केला. सावकाराने शेतकऱ्याला पावती द्यावी, वर्षाचा हिशेब लेखी द्यावा. चांगलंच झालं. पण ती पावती वाचायची कुणी?

जोतीराव फुल्यांना हे नेमकं कळलं होतं. १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावं ते सांगितलं: मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची तोंडओळख. बाळबोधीबरोबर मोडीही मागितली, हे पाहा. छापील पुस्तकं बाळबोधीत निघत, रोखे मात्र मोडीत लिहिले जात. नुसती बाळबोध शिकलेला मुलगा धडा घडाघडा वाचेल, पण बापाचा रोखा पुढे आला की गप्प बसेल. पुस्तकी शिक्षणावरची इतकी व्यवहारी टीका मी दुसरी वाचलेली नाही.

त्याच १८८२ साली टपाल खात्याची बचत बँक सुरू झाली. आमच्याकडे तिचं पासबुक आलं ते फार उशिरा, अम्मीच्या नावाने. ते वाचायचं काम माझ्याकडे असे. शिल्लक दोनदा वाचावी लागे. एकदा अम्मीसाठी, आणि दुसऱ्यांदा जरा मोठ्याने, ओसरीवर बसलेल्या अब्बांना ऐकू जावी म्हणून.