झिऱ्याची वाळू

शिरूर, ज्यास लोक अद्यापि घोडनदी म्हणतात, आणि भीमाकाठचे दौंड, या दोन कसब्यांच्या मुलखात उन्हाळी पात्र आटले म्हणजे वाळूत झिरा उकरून पाणी भरण्याचा जो पूर्वापार रिवाज होता, त्यात आजच्या काचेच्या मत्स्यपेटीतील जैविक गाळणीचेच तत्त्व नांदत होते. १८७७ मध्ये श्लोसिंग व म्युंत्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळूच्या नळीतून सांडपाणी झिरपवून अमोनियाचे नायट्रेट होताना पाहिले, आणि क्लोरोफॉर्मची वाफ देताच ती क्रिया थांबल्याने हे सूक्ष्म जीवांचे कार्य असल्याचे सिद्ध केले. हा प्रयोग मला विलक्षण सुंदर वाटतो. वाळूउपशाने आपल्या नद्यांतून नाहीसे होते आहे ते या जीवांचे वसतिस्थानही होय.

मत्स्यपेटीत माशांनी सोडलेल्या विषारी अमोनियाचे हेच जीव आधी नायट्राइट व मग बरेचसे निरुपद्रवी नायट्रेट करतात. म्हणून लहान पेटीस हवेच्या पंपावर चालणारा सच्छिद्र स्पंज उत्तम, मात्र त्यावर जीव वसण्यास काही आठवडे लागत असल्याने आरंभी मासे मोजकेच सोडावेत, आणि स्पंज क्लोरीनयुक्त नळाखाली न धुता पेटीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा.